स्थैर्यमीमांसा, अर्थात नगरकराचे पुण्यातील अधिष्ठान

मनुष्य एका गावातून उठतो आणि दुसऱ्या, अधिक मोठ्या गावी जाऊन बसतो. यातील उठण्याचा विचार समाजशास्त्राने केला आहे. बसण्याचा विचार गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींनी केला आहे. परंतु उठणे संपले आणि बसणे अद्याप सिद्ध झाले नाही, अशी जी मधली अवस्था, जिच्यात मनुष्य शहरातल्या कॉटवर असतो, गादी गावाकडे असते आणि उशी कोणाची हे निश्चित नसते, तिचे स्वतंत्र शास्त्र उपलब्ध नाही. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने प्रस्तुत निबंध रचला असून या शास्त्रास ‘स्थैर्यमीमांसा’ अशी संज्ञा योजली आहे.

प्रत्येक शास्त्राला क्षेत्र लागते. आमचे क्षेत्र नगर जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शासनदप्तरी त्याचे नाव अहिल्यानगर असे आहे. गाडीची पाटी वाचणारा प्रवासी मात्र अजून ‘नगर’ एवढेच उच्चारतो, आणि आमचे शास्त्र प्रवाशाचे असल्याने येथे त्याचाच उच्चार प्रमाण धरला आहे. या क्षेत्रातून उठलेला मनुष्य बहुधा पुण्यात बसतो. नगर ते पुणे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते.

हे अंतर शास्त्रदृष्ट्या अत्यंत मोलाचे आहे. रोज येऊन-जाऊन नोकरी करण्यास ते फार, आणि कायमचा निरोप घेण्यास फार थोडे. परदेशी गेलेल्याचे ताट घरचे लोक मांडणीवर ठेवून देतात. पुण्याला गेलेला शनिवारी रात्री त्याच ताटात जेवायला हजर असतो. त्यामुळे त्याचे जाणे एकदाच घडत नाही, ते दर रविवारी संध्याकाळी नव्याने घडते, आणि संशोधकास एकाच व्यक्तीच्या प्रस्थानाचे वर्षाकाठी पन्नास प्रयोग विनामूल्य पाहता येतात. एवढी विपुल सामग्री ग्रहणांचा अभ्यास करणाऱ्यांनाही लाभत नाही.

मार्गविचार

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती नगर-पुणे याच मार्गावर. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही या शास्त्राच्या इतिहासातील पहिली दोन नावे होत. पुढे ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाने विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ सोडली, तीही पुणे आणि नगर यांच्याच दरम्यान. वाहन बदलले, इंधन बदलले, मार्ग तोच राहिला. यावरून नगरकरास पुण्यास नेणे हे महामंडळाचे आद्य प्रयोजन होते, असे अनुमान निघते. त्यास परत आणणे हे त्याच प्रयोजनाचे अंग मानावे की स्वतंत्र प्रयोजन, याविषयी माळीवाडा आणि तारकपूर या दोन बसस्थानकांच्या परंपरांत मतभेद आहे. स्वस्तिक चौकातील पुणे बसस्थानकाची परंपरा याबाबत मौन पाळते. तिच्या मते जो मनुष्य ‘पुणे’ असेच नाव असलेल्या स्थानकावर येऊन उभा राहिला, त्याच्याविषयी आणखी चर्चा करण्याजोगे काही उरत नाही.

प्राचीन काळी हा ओघ उलट दिशेने वाहत होता, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. मलिक अहमद निजामशहाचे ठाणे जुन्नरला होते, जे आज पुणे जिल्ह्यात मोडते. १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केल्यावर त्याला ती जागा आवडली आणि १४९४ मध्ये त्याने तेथे शहर वसवावयास घेतले. त्याही पूर्वी ज्ञानेश्वर महाराज आळंदीहून पैठणमार्गे नेवाशास आले आणि शके १२१२ मध्ये तेथील खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली. एकाने नव्या जागी नगर उभे केले, दुसऱ्यांना टेकण्यापुरता खांब पुरला. या दोन्ही उदाहरणांत अकरा महिन्यांचा भाडेकरार, तीन महिन्यांचे डिपॉझिट आणि एजंटाचे एक महिन्याचे भाडे या तीन उपाधी आढळत नाहीत. म्हणून त्यांचे स्थैर्य ‘निरुपाधिक’ होय. अर्वाचीन नगरकराचे स्थैर्य हे सर्वस्वी ‘सोपाधिक’ असून पुढील सर्व विवेचन त्याच्यापुरतेच आहे.

लक्षणविचार

अमुक व्यक्ती पुण्यात स्थिरावली, असे केव्हा म्हणावे? पूर्वसूरींनी सुचवलेली लक्षणे न्यायशास्त्रातील अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव या तीन दोषांच्या कसोटीस लावून पाहू.

पहिला पक्ष दाखलावाद्यांचा. ज्याच्या आधार कार्डावरील पत्ता बदलला तो स्थिर, असे ते म्हणतात. या लक्षणात अव्याप्तीचा दोष स्पष्ट आहे. चंदननगरात स्वतःचा फ्लॅट, दोन मुले आणि एक चारचाकी असलेले कित्येक गृहस्थ असे आहेत, की ज्यांचे रेशन कार्ड आजही पाथर्डी तालुक्यात नांदते आणि मतदार यादीतले नाव तर तेथून हलवण्याचा विचारही त्यांना पाप वाटतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पुण्याहून गाड्या भरून येणारा जो मतदार, तो यांच्यातलाच. त्याला अस्थिर म्हणावे तर त्याच्या फ्लॅटचे हप्ते आड येतात, स्थिर म्हणावे तर सरपंच आड येतात.

दुसरा पक्ष मार्गज्ञांचा. पीएमपीच्या गाडीत चढण्यापूर्वी जो वाहकास काही विचारत नाही तो स्थिर, असे त्यांचे मत. यात अतिव्याप्ती आहे, कारण न विचारता चुकीच्या गाडीत बसणारेही या लक्षणात येतात.

तिसरा पक्ष मनोवाद्यांचा. ज्याचे मन रमले तो स्थिर. हे लक्षण ऐकावयास गोड असले तरी असंभव दोषाने ग्रस्त आहे. पुण्यात मन रमल्याचे कबूल करणारा नगरकर अभ्यासकांना अद्याप आढळलेला नाही. ‘पुण्यात काय ठेवलंय?’ हा प्रश्न तो वीस-वीस वर्षे विचारत राहतो, आणि तो प्रश्न तो पुण्यातल्याच स्वतःच्या गॅलरीत बसून विचारतो. दुपारी एक ते चार या वेळात दुकानाचे दार न ठोठावणे हे लक्षणही काहींनी मांडले आहे. त्यावर इतरत्र पुष्कळ लिहून झाल्यामुळे येथे त्याचा विचार केलेला नाही.

सिद्धान्तलक्षण कोणते, हे सांगण्यापूर्वी दोन नियमांची आणि एका पदार्थाची मांडणी करणे आवश्यक आहे.

दिशानियम

मनुष्य ज्या रस्त्याने शहरात शिरतो, त्याच रस्त्यावर राहतो. हा स्थैर्यमीमांसेचा पहिला नियम होय. साताऱ्याकडचा मनुष्य कात्रज-धनकवडीच्या पुढे सहसा जात नाही. सोलापूरकडचा हडपसरला उतरतो आणि तेथेच प्लॉट पाहतो. नगर जिल्ह्याचा विस्तार मोठा असल्याने त्याला मात्र पुण्याची तीन द्वारे लाभली आहेत.

पूर्वद्वार सर्वांत मोठे. नगर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, राहुरी येथील जन सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर असे येत येत वाघोली, खराडी, चंदननगर आणि वडगाव शेरी येथे साचतात. उत्तरद्वाराने संगमनेर आणि अकोले येथील जन येतात. ते आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण या वाटेने मोशी-भोसरीस लागतात आणि पूर्वद्वारीयांशी त्यांची गाठ पुण्यात पडत नाही. दक्षिणद्वार श्रीगोंदा आणि कर्जत यांचे. ते काष्टी-दौंडवरून हडपसर-मांजरीकडे उघडते. या द्वारभेदाचा परिणाम गंभीर आहे. एकाच मांडवातले दोन साडू, एक भोसरीस आणि एक मांजरीस राहू लागले, की त्यांची भेट पुण्यात होत नाही. ती श्रीगोंद्यातल्या लग्नात होते आणि तेथे दोघे एकमेकांस ‘या एकदा घरी’ असे निमंत्रण देतात.

दिशानियमाचे कारण काय? दिशेविषयीची निष्ठा असे काहींनी म्हटले आहे. काहींनी जमिनीचे दर पुढे केले. आमच्या मते हे दोन्ही तर्क वरवरचे आहेत. खरे कारण वजन हे आहे. रविवारी रात्री दहा वाजता खराडी बायपासला जो मनुष्य उतरतो, त्याच्या दोन्ही हातांत आणि एका खांद्यावर जे असते, ते घेऊन त्याला शहर ओलांडून वारजे येथे जाणे शक्य नसते. तो जेथे उतरतो तेथून पाच मिनिटांच्या अंतरावर खोली घेतो. दिशानियम हा स्वतंत्र नियम नसून पिशवीच्या गुरुत्वाचा उपसिद्धान्त आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आली, तरीही या सिद्धान्तास बाध आलेला नाही. मेट्रोच्या स्थानकावर सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, आणि ज्या सामानात लोणच्याची बरणी उभी ठेवलेली आहे ते आडवे करण्यास कोणताही नगरकर तयार होत नाही.

या नियमाच्या अनुषंगाने ‘निष्क्रिय स्थैर्य’ हा प्रकार नोंदवला पाहिजे. वाघोलीस एक गुंठा घेऊन, त्यावर दोन खोल्या बांधून राहिलेला मनुष्य स्वतःस पुणेकर म्हणवीत नसे. पुण्याला जायचे म्हणजे त्याला बस लागे. जून २०२१ मध्ये महापालिकेची हद्द वाढली, तेवीस गावे तिच्यात आली आणि त्यात वाघोली होती. सदर गृहस्थ खुर्चीवरून न उठता महानगरवासी झाला. येथे मनुष्य शहरात स्थिरावला नाही, शहर मनुष्यात स्थिरावले, असे म्हणावे लागते. मालमत्ता कराचे बिल मात्र दोन्ही पक्षी सारखेच येते.

पदार्थविचार : पिशवी

आता या शास्त्राच्या मुख्य पदार्थाकडे वळू. गावाकडून शहराकडे जाणारे, शहरात मिळत असूनही पाठवले जाणारे आणि नको म्हणूनही स्वीकारले जाणारे जे, ती पिशवी. ‘शहरात मिळत असूनही’ हे विशेषण लक्षणात अत्यावश्यक आहे. जे शहरात मिळत नाही ते पाठवणे याला व्यापार म्हणतात आणि तो आमच्या शास्त्राचा विषय नव्हे. पिशवीचे पाच भेद होतात.

१. गोणी. ही सर्व पिशव्यांची जननी. ती खताची असते, उलटी करून धुतलेली असते, आणि तरीही आतल्या बाजूने कंपनीचे नाव आणि नत्राचे प्रमाण उजेडात धरल्यास वाचता येते. तोंड सुतळीने शिवलेले. शिवणारी व्यक्ती घरातली ज्येष्ठ असून दाभण तिच्या मालकीचा असतो. तिचे टाके दोन बोटांच्या अंतरावर पडतात आणि शेवटी सुतळीचे दोन कान सोडलेले असतात, म्हणजे गोणी उचलताना धरायला काहीतरी राहते. आत बाजरी किंवा ज्वारी. कर्जत-जामखेडच्या बाजूची असल्यास रब्बीची मालदांडी. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची येत असे, ती २०१८ पासून ४५ किलोची झाली. या निर्णयाचे शेतीवरील परिणाम तज्ज्ञांनी तपासले आहेत. स्थैर्यमीमांसेवरील परिणाम कोणीही तपासलेला नाही, तो असा की पुण्यातल्या कुटुंबास तेव्हापासून दर गोणीमागे पाच किलो धान्य कमी पोहोचते आणि प्रत्येक मातेस गोणी ‘उगाच मोकळी मोकळी’ वाटते. त्या मोकळ्या जागेत लसणाच्या जुड्या घालण्याची प्रथा याच काळातली असावी.

गोणीच्या संदर्भात एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. धान्य पाठवावे की पीठ? ज्वारीच्या बाबतीत हा प्रश्न गौण आहे. बाजरीच्या बाबतीत तो शास्त्राच्या मुळाशी जातो. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ फार टिकत नाही. आठ-दहा दिवसांत कडवट होते. या मुदतीस आम्ही ‘कटुत्वकाल’ म्हणतो. आता असे पाहा. आई रविवारी पीठ देते. पुढचा शनिवार सहाव्या दिवशी येतो, त्याच्या पुढचा तेराव्या. जो प्रत्येक शनिवारी गावी जातो, त्याचे पीठ कधीच कडू होत नाही. जो एक शनिवार चुकवतो, त्याचे होते. नगरकराच्या साप्ताहिक परतीस अभ्यासक आजवर ओढ, माया, शेतीची कामे अशी नावे देत आले. वास्तविक ती परत बाजरीच्या स्निग्धांशाने ठरवलेली आहे. यास अनुभवाचे प्रमाण असे की, ज्या दिवशी सून खराडीतल्या गिरणीत बाजरी दळून आणते, त्या महिन्यापासून गावाकडच्या फेऱ्या पंधरवड्याला एक अशा होतात, आणि सासूबाई त्याचे कारण सुनेत शोधतात. ते गिरणीत आहे.

२. बस्त्याची पिशवी. लग्नाच्या बस्त्याबरोबर कापडाच्या दुकानातून आलेली, बंदांची, दुकानाच्या नावाची. हिच्यात भाजी असते. मेथी, शेपू, वांगी, क्वचित हरभऱ्याचा डहाळा. ही पिशवी बसमध्ये वर रॅकवर ठेवली जात नाही, पायांत ठेवली जाते. शिक्रापूरच्या वाहतूक कोंडीत तिचा वास संपूर्ण गाडीस समजतो आणि शेजारचा प्रवासी ‘कुठली मेथी?’ असे विचारतो. संवादाची सुरुवात येथून होते. पुण्यात घरोघरी नगर जिल्ह्यातले जे व्याही एकमेकांस लाभले, त्यांपैकी किती या पिशवीमुळे, याचे संशोधन व्हावयास हवे.

३. डबा. स्टीलचा, कडीचा, झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेला. हे नाव डब्याच्या मालकाचे नसते. ते वीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात भांडे देणाऱ्याचे असते. डबा हा एकमेव भेद असा, की ज्याच्या परतीची अपेक्षा असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

४. बरणी. तूप. बोर्नव्हिटाच्या बरणीत. अधिक विवेचनाची गरज नाही.

५. परार्थ पिशवी. ही स्वतःची नसते. निघण्याच्या वेळी, गाडी सुटण्यास दहा मिनिटे असताना शेजारच्या काकू येतात आणि म्हणतात, ‘आमच्या पिंटूलाही एवढं देशील का बाळा, तुझ्या जवळच राहतो.’ पिंटू वाकडला राहतो. खराडी आणि वाकड ही पुण्याची दोन टोके होत, हे गावाकडून दिसत नाही. तेथून पाहता दोन्ही ठिकाणे ‘पुणे’ या एकाच बिंदूत सामावतात. परिणामी परार्थ पिशवी खराडीतील खोलीच्या कोपऱ्यात तीन आठवडे वास करते. पहिल्या आठवड्यात पिंटूशी फोन होतो. दुसऱ्या आठवड्यात ‘रविवारी येतो’ असे ठरते. तिसऱ्या आठवड्यात त्यातील लाडू नाशवंत या सदरात वर्ग केले जातात आणि भक्षणाने त्यांची विल्हेवाट लावली जाते. गावाकडे विचारणा झाल्यास ‘पोहोचली’ असे उत्तर द्यावे, असा संकेत आहे. पोहोचली हे क्रियापद येथे कर्त्यापुरतेच सत्य असून स्थळाविषयी काहीही विधान करीत नाही.

संकोचनियम

दुसरा नियम ओळखीचा. ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाचे नगरकराचे उत्तर प्रश्नकर्त्याच्या अंतराच्या प्रमाणात आकुंचन पावते. पुणेकराने विचारल्यास तो ‘नगर’ म्हणतो. दुसऱ्या नगरकराने विचारल्यास ‘शेवगाव’. शेवगावच्या माणसाने विचारल्यास ‘बोधेगाव’. आणि विचारणारा बोधेगावचाच निघाला, तर गावाचे नाव गळून पडते आणि वाडा, वस्ती, विहीर, चुलत्याचे नाव या क्रमाने उत्तर सूक्ष्मातिसूक्ष्म होत जाते. ज्या क्षणी ‘म्हणजे आमच्या मावशीच्या नणंदेच्या गावचे’ असे उद्गार निघतात, तेथे संकोच पूर्ण झाला असे समजावे. त्यानंतर चहा येतो. नव्या शहरात आलेल्या नवख्यास नोकरी, खोली आणि मेस या तिन्हींचा लाभ बहुतेक वेळा या नियमाने झालेला दिसतो. वर्तमानपत्रातील जाहिरातींचा क्रम त्यानंतर लागतो.

अपवादाधिकरण

दिशानियमास दोन अपवाद आहेत.

पहिला अभ्यासिका संप्रदाय. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला विद्यार्थी कोणत्याही द्वाराने शिरला तरी सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेतच जातो. तो कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत एका खुर्चीचे मासिक भाडे भरतो आणि मेसमध्ये जेवतो. त्याला स्वयंपाकघर नसल्यामुळे पिशवीचे पहिले दोन भेद त्यास लागू होत नाहीत. शेंगदाण्याची चटणी आणि लाडू एवढेच त्याच्या वाट्याला येते. गावी गेल्याच्या दिवसांचे ‘खाडे’ धरले जातात की नाहीत, हा त्याच्या आणि मेसच्या मावशींच्या दरम्यानचा चिरंतन वाद होय, आणि मावशींचे ‘आधी सांगायचं असतं’ हे वचन त्यातील अंतिम प्रमाण मानले जाते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. या एका संध्याकाळी संप्रदायाचे सर्व अनुयायी एकाच वेळी रस्त्यावर उतरून काय खावे याचा विचार करताना दिसतात, व हेच त्यांच्या निरीक्षणाचे सर्वोत्तम साधन होय. या संप्रदायाचे स्थैर्य आयोगाच्या जाहिरातीवर अवलंबून असते. जाहिरात येईपर्यंत तो अस्थिर असतो, आल्यानंतर अधिक अस्थिर होतो.

दुसरा अपवाद पारनेरी शाखेचा. ही शाखा पुण्यास सोडून माळशेज घाटाने कल्याणमार्गे मुंबईस उतरते आणि तेथे पिढ्यानपिढ्या राहते. तिच्यातील सर्वांत ख्यातनाम उदाहरण राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांचे. दादरला फुले विकणे, पुढे सैन्यातील नोकरी आणि १९७५ साली गावी परत, असा त्यांचा क्रम आहे. परत जाऊन गावच बदलून टाकणे हा स्थैर्याचा मार्ग आमच्या शास्त्रात ‘अतिकठीण’ या वर्गात घातला असून सामान्य साधकास तो सुचवला जात नाही.

सिद्धान्त

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कागद, मार्ग आणि मन ही तिन्ही लक्षणे सदोष ठरली. आमचे सूत्र असे :

परागमनाश्रयत्वं स्थैर्यम्।

दुसऱ्याच्या येण्याला जो आश्रय झाला, तो स्थिर. भाष्य : मनुष्य पुण्यात कधी स्थिरावला, हे तो स्वतः ठरवीत नाही, पुणेही ठरवीत नाही. ते गावाकडे ठरते आणि त्याला फोनवर कळवले जाते. ज्या दिवशी गावातला दुसरा नवखा त्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून घेतो, त्या दिवशी पहिला स्थिर झाला. त्याच्याकडे भाड्याची एकच खोली असेल, नोकरी तात्पुरती असेल, स्वतःची चादर नसेल. याने काही बिघडत नाही. फोनचे स्वरूप असे असते :

‘बाळासाहेब, आपलं पोरगं येऊ राहिलंय पुण्याला. चार दिवस राहील तुझ्याकडं.’

‘येऊ द्या ना नाना.’

‘त्याच्यासंगं बाजरी देऊ राहिलो गोणीभर.’

‘कशाला नाना, इथं मिळतं सगळं.’

‘मिळतंय तर मिळू दे.’

या संवादातील प्रत्येक वाक्य विधियुक्त आहे. ‘इथं मिळतं सगळं’ हे वाक्य म्हटल्याशिवाय गोणी घेता येत नाही, आणि ते म्हटल्यामुळे गोणी थांबतही नाही. ‘चार दिवस’ हे कालवाचक पद नसून शिष्टाचारवाचक आहे. त्याची मर्यादा येणाऱ्याचा पहिला पगार होईपर्यंत मानतात. काही ठिकाणी तो दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत, आणि एका मतानुसार त्याचे लग्न ठरेपर्यंत. फोन ठेवल्यावर बाळासाहेब जागेवर उभे राहून खोलीकडे पाहतात, एक कॉट भिंतीला सरकवतात आणि मधे चटई पुरते का हे पायाने मोजतात. हा जो पाय, तोच त्यांचा स्थैर्यप्रवेश होय.

या लक्षणात अव्याप्ती नाही, कारण मतदार यादीत गावी असलेला चंदननगरचा गृहस्थही यात येतो. त्याच्याकडे तर तिघे राहून गेले. अतिव्याप्ती नाही, कारण धर्मशाळा व वसतिगृहे ‘नाना’ म्हणत नाहीत. असंभव नाही, याची साक्ष खराडीतल्या प्रत्येक चटईने द्यावी. पुढे हा नवखा स्वतः खोली घेतो. पाच मिनिटांच्या अंतरावर. दिशानियम अबाधित राहतो.

पुण्यातच जन्मलेली पुढची पिढी या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. जे उठलेच नाहीत, त्यांच्या बसण्याची मीमांसा करता येत नाही. त्यांच्यापुरते एवढेच नमूद करतो, की त्यांना पिशवी उचलावयास लावावी.

शास्त्राच्या पुढील वाढीस सध्या एकच व्यावहारिक अडथळा आहे. वाघोली, खराडी, चंदननगर, भोसरी आणि हडपसर येथील स्वयंपाकघरांतून, ओट्याच्या वरच्या फळीवर, मागच्या रांगेत, नावे कोरलेले स्टीलचे डबे मोठ्या संख्येने अडकून पडले असून त्यामुळे गावाकडे दिवाळीच्या फराळाला भांडे शिल्लक राहिलेले नाही. सर्व स्थिर व्यक्तींना विनंती, की ते डबे झाकणासह शोधून येत्या शनिवारी गावी पोहोचते करावेत. रिकामे नेऊ नयेत. किमान चिमूटभर साखर घालावी. ज्यांची झाकणे सापडत नाहीत त्यांनी तसे आधी फोन करून सांगावे.